बिशपचा डोळा, मुंबईच्या कोटात

लंडनच्या लँबेथ राजवाड्यातल्या चॅपेलमध्ये ८ मे १८१४ रोजी एका नव्या बिशपला दीक्षा देण्यात आली. अशा प्रसंगाचं प्रवचन छापून वाटायची तिकडे रीत होती. हे प्रवचन मात्र छापलं गेलं नाही. टॉमस फॅन्शॉ मिडलटन हा नवा बिशप कलकत्त्याला निघाला होता, आणि बिशप येतोय या बातमीचा हिंदुस्थानात गाजावाजा होऊ नये अशी सरकारची इच्छा होती. २८ नोव्हेंबरला तो कलकत्त्याला पोचला तेव्हा त्याचं उतरणंही शक्य तितकं गुपचूप उरकण्यात आलं. 'नेटिव्ह' लोक भडकतील अशी धास्ती होती. प्रत्यक्षात कुणी त्याच्याकडे विशेष लक्षही दिलं नाही.

मिडलटनच्या वाट्याला जो धर्मप्रांत आला त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातला सगळा मुलूख होता. एका माणसाने कलकत्त्यात बसून मुंबई आणि मद्रास सांभाळायचं, आणि तेही शिडाच्या जहाजांच्या काळात. म्हणून पार्लमेंटने त्याच्या हाताखाली तीन आर्चडीकन दिले, प्रत्येक इलाख्याला एक. कलकत्त्याला हेन्री लोरिंग, मद्रासला जॉन मौस्ली आणि मुंबईला जॉर्ज बार्न्स. बिशपला वर्षाला ५००० पौंड, आर्चडीकनला २०००. पगार घसघशीत होता. अधिकारांचा मामला तितका साधा नव्हता.

आर्चडीकन हे पद फार जुनं, ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या काही शतकांतलं. डीकन म्हणजे बिशपचे मदतनीस. दानधर्म, गोरगरिबांची आणि विधवांची सोय, चर्चचा पैसाअडका ही त्यांची कामं, आणि त्यांच्यातला प्रमुख तो आर्चडीकन. पुढे हा प्रमुख डीकन न राहता धर्मगुरूच असू लागला, नाव तेवढं जुनं राहिलं. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर तिथल्या अवाढव्य धर्मप्रांतांचे भाग पाडून एकेका भागावर एकेक आर्चडीकन बसवण्यात आला. बिशप बहुधा राजदरबारात गुंतलेला; गावोगाव घोड्यावरून फिरणारा तो हा. चर्चचं छप्पर गळतंय का, वेदीवरची भांडी जागेवर आहेत का, पाळक दारू पिऊन प्रवचनाला उभा राहतो का, हे सगळं तो पाहायचा. नव्या पाळकाचा हात चर्चच्या दाराच्या किल्लीवर ठेवून त्याला रीतसर ताबा द्यायचा तोही यानेच. 'बिशपचा डोळा' हे त्याचं जुनं बिरुद.

डोळ्याच्या जोडीला त्याला हातही होता. आर्चडीकनचं स्वतंत्र न्यायालय असे. व्यभिचार, मृत्युपत्रं, थकलेला दशमांश, असले दावे तिथे चालत आणि दंड वसूल होई. लोक त्याला किती वचकून असत याचा पुरावा साहित्यात सापडतो. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने 'कँटरबरी टेल्स'मधल्या एका गोष्टीत आर्चडीकनच्या न्यायालयाचा बेलिफ उभा केला, तो सरळसरळ खंडणीखोर आहे. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, जॉन ऑफ सॉल्झबरी या विद्वानाने आपल्या मित्राला पत्रातून चिमटा काढला होता. आर्चडीकनला मोक्ष मिळणं शक्य आहे का, अशी शंका जो पूर्वी बोलून दाखवायचा, तोच आता आर्चडीकन झाला, असा त्या चिमट्याचा रोख. हा मित्र निकोलस हंटिंग्डनचा आर्चडीकन होता. साडेसहाशे वर्षांनी त्याच हंटिंग्डनच्या आर्चडीकनपदावरून उठून मिडलटन कलकत्त्याचा बिशप झाला. म्हणजे या पदाने काय साधतं आणि काय साधत नाही, हे तो चांगलं जाणून होता.

आठव्या हेन्रीने रोमशी नातं तोडलं, तरी इंग्लंडच्या चर्चने बिशप आणि आर्चडीकन दोन्ही राखले. मर्यादाही तीच राहिली. आर्चडीकन कितीही मोठा असला तरी बिशप नव्हे. नव्या पाळकाला दीक्षा देणं, तरुण मुलामुलींचं दृढीकरण करणं, म्हणजे त्यांचा बाप्तिस्मा पक्का करणं, आणि चर्चचा अर्पणविधी करणं, म्हणजे इमारत रीतसर देवाला वाहणं, ही कामं बिशपचीच. इंग्लंडात त्यामुळे काही अडत नसे, कारण बिशप दोन दिवसांच्या अंतरावर असे. मुंबईत हीच मर्यादा बार्न्सच्या सगळ्या कारकिर्दीला पुरून उरली.

पण मुळात १८१४ पर्यंत हिंदुस्थानात बिशपच का नव्हता? कंपनी नफ्यासाठी आलेली होती, धर्मासाठी नव्हे, हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. १६९८ च्या सनदेनेच कंपनीवर बंधन घातलं होतं, की प्रत्येक मोठ्या ठाण्यावर एक पाळक ठेवावा आणि त्याने पोर्तुगीज व देशी भाषा शिकावी. पाळक आले. त्यांना चॅपलिन म्हणत, आणि ते कंपनीचे पगारी नोकर असत. गोऱ्यांची लग्नं लावावीत, मयतं उरकावीत, रविवारची उपासना चालवावी आणि इतरांच्या धर्माला हात लावू नये, एवढीच कंपनीची त्यांच्याकडून अपेक्षा होती. १८०६ साली वेल्लोरला शिपायांनी बंड केलं. पगडीचा नवा नमुना आणि कपाळावरचं गंध पुसायचे हुकूम हे त्याचं निमित्त. त्यानंतर कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांना धर्माच्या नावाने कापरंच भरू लागलं.

दुसऱ्या बाजूला इंग्लंडात एक जोरकस गट उभा राहत होता. क्लॉडियस बुकॅनन या कलकत्त्याच्या चॅपलिनने १८०५ साली पुस्तक लिहून हिंदुस्थानात बिशप आणि आर्चडीकन असलेली पुरी व्यवस्था मागितली. गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा लढा जिंकलेला विल्बरफोर्स आणि कंपनीतलाच चार्ल्स ग्रँट हे दोघे पार्लमेंटात होते. १८१३ साली सनदेचं नूतनीकरण आलं, तेव्हा देशभरातून अर्जांचा पाऊस पडला. अखेर जो कायदा झाला त्यात मिशनऱ्यांना परवान्यावर यायची वाट मोकळी झाली, हिंदी लोकांच्या शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये ठेवावेत असं कलम आलं, आणि एक बिशप व तीन आर्चडीकन मंजूर झाले. तडजोडीतून जन्मलेली ही व्यवस्था होती. धर्मवाल्यांना बिशप मिळाला, आणि तो एकटाच असल्याने कंपनीलाही फारसं घाबरायचं कारण उरलं नाही.

मुंबईची तेव्हाची स्थिती एका इमारतीवरून कळते. जेराल्ड आँजियरने १६७६ साली किल्ल्याच्या आत चर्चचा पाया घातला, आणि मग पुढची जवळजवळ चाळीस वर्षं भिंती अर्धवट उभ्या राहिल्या. १७१५ साली रिचर्ड कॉब या चॅपलिनने वर्गणी जमवून काम पुन्हा हाती घेतलं आणि १७१८ च्या नाताळात ते चर्च उघडलं. त्याच्या रस्त्यावरचा कोटाचा दरवाजा तो चर्चगेट. तो दरवाजा कधीच पाडला गेला, नाव लोकलच्या स्टेशनाला राहिलं. मात्र अर्पणविधीला बिशप लागतो, आणि बिशप सातासमुद्रापलीकडे. अठ्ठ्याण्णव वर्षं या चर्चमध्ये बारशी, लग्नं, मयतं होत राहिली. रीतसर अर्पण झालं ते १८१६ साली, मिडलटन पहिल्या दौऱ्यावर मुंबईत आला तेव्हा. संत टॉमसचं नाव त्याला तेव्हा विधिपूर्वक मिळालं.

बार्न्स ऑक्सफर्डच्या एक्सटर कॉलेजचा फेलो. मुंबईत त्याच्या हाती नेमकं काय होतं? चॅपलिनांवर देखरेख. पण चॅपलिनला कुठल्या ठाण्यावर पाठवायचं हे ठरवणार सरकार, आणि छावणीत लष्करी अधिकारी त्याला आपल्या हुकमातला समजणार. याच मुद्द्यावर मिडलटनची कलकत्त्याच्या सरकारशी अखेरपर्यंत कुरबुर चालली. न्यायालय म्हणावं तर तेही नाही, कारण मृत्युपत्रं आणि वैवाहिक तंटे मुंबईत रेकॉर्डर्स कोर्टाकडे होते. आर्चडीकनची सत्ता चालणार ती फक्त पाळकांवर. मध्ययुगीन इंग्लंडात ज्याच्या नावाने लोक थरथरत, तो मुंबईत येईपर्यंत अगदी निरुपद्रवी झाला होता, असं म्हटलं तर चूक ठरणार नाही. उरली ती कागदाची कामं. बारसं, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या नकला वर्षाच्या वर्षाला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि गोऱ्या मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्याला त्यांच्यावाचून पाऊल टाकता येत नाही.

अशा अधिकाऱ्याने करावं काय? बार्न्सने शाळा काढली. २९ जानेवारी १८१५ रोजी गव्हर्नर सर इव्हान नेपियनच्या पाठिंब्याने मुंबईत एक मंडळी स्थापन झाली. मुंबई सरकारच्या हद्दीतल्या गरिबांच्या शिक्षणाला उत्तेजन देणारी, असं तिचं लांबलचक नाव. पुढे ती 'बॉम्बे एज्युकेशन सोसायटी' म्हणून ओळखली गेली. रोख होता गोऱ्या आणि युरेशियन शिपायांच्या पोरांवर, ज्यांचे बाप मेलेले किंवा दूरच्या पलटणीत अडकलेले. कॉबच्या काळापासून रखडत चाललेली धर्मादाय शाळा मंडळीने आपल्याकडे घेतली. शिकवायची पद्धत अँड्र्यू बेलची: मोठ्या मुलाने धाकट्यांना शिकवायचं आणि मास्तरने सगळ्यांवर नजर ठेवायची. बेलने ती मद्रासला असताना बसवली होती, म्हणून तिला 'मद्रास पद्धत' म्हणत. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत थोरल्या पोराकडून धाकट्याला धुळाक्षरं घोटवून घेणं वेगळं काय होतं?

मधल्या काळात मुलूखच बदलला. १८१८ साली पेशवाई बुडाली. ज्याचं क्षेत्र मुंबई बेट, सुरत आणि किनाऱ्यावरची काही ठाणी एवढंच होतं, त्याच्या कक्षेत आता पुणे, खडकी, अहमदनगर अशा छावण्या आल्या. १८१९ साली माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर झाला. पुण्याच्या ब्राह्मणांची दक्षिणा चालू ठेवणारा, १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा काढणारा हा माणूस धर्माच्या बाबतीत फार जपून चालत असे.

मराठी वाचकाला ज्याच्याशी खरं देणंघेणं आहे तो धागा इथे सुरू होतो. मंडळीच्या शाळांत काही हिंदू, पारशी, मुसलमान मुलंही येऊ लागली होती. १८२० च्या ऑगस्टमध्ये मंडळीने देशी भाषांतली शालेय पुस्तकं तयार करायला आणि देशी शाळांना मदत करायला एक खास समिती नेमली. दोन वर्षांत ध्यानात आलं, की एका आर्चडीकनच्या छत्राखालची ख्रिस्ती धर्मादाय मंडळी हे काम करू लागली तर लोक संशय घेणारच. १८२२ साली समिती मूळ मंडळीपासून वेगळी झाली. तिला स्वतंत्र नाव मिळालं, एल्फिन्स्टन तिचा अध्यक्ष झाला, आणि धर्मशिक्षण तिच्या कक्षेबाहेर राहिलं. आपल्याकडच्या जुन्या लिखाणात जी 'हैंदशाळा' मंडळी भेटते ती हीच. १८२७ पासून तिचं नाव 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी'. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचा चिटणीस होता, आणि देशी चिटणीस सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे. छत्र्यांचं 'बाळमित्र' आणि इसापनीतीचं मराठी रूप, दोन्ही १८२८ ची, याच मंडळीच्या कामातून आली. पुढे देशी चिटणीसाच्या जागेवर बाळशास्त्री जांभेकर आले. 'दर्पण' काढणारे तेच.

याचं श्रेय बार्न्सला द्यायचं का? थेट नाही. त्याला ख्रिस्ती गरिबांची पोरं शिकवायची होती, मराठी गद्य घडवायचं नव्हतं. १८२२ चा निर्णायक काडीमोड एल्फिन्स्टनच्या सावधपणाने घडवला, आणि पुस्तकं लिहिली ती छत्र्यांसारख्या माणसांनी. पण वर्गणी, पहिली समिती, शाळा चालवायचा सराव हे सगळं बार्न्सच्या मंडळीत तयार झालं होतं. त्याच्याकडे खरी सत्ता असती, तर त्याचा वेळ खटल्यांत आणि मानापमानांत गेला असता, असं मला वाटतं. सत्ता नव्हती म्हणून तो शाळेकडे वळला.

तिकडे कलकत्त्यात जुलै १८२२ मध्ये मिडलटन वारला. दोनच महिन्यांत आर्चडीकन लोरिंगही गेला. नवा बिशप रेजिनाल्ड हीबर हा कवी आणि उत्साही प्रवासी. १८२४ साली तो गंगेवरून नावेने निघाला आणि उत्तर हिंदुस्थान, राजपुताना, गुजरात करत एप्रिल १८२५ मध्ये मुंबईला पोचला. दृढीकरण, अर्पणविधी, जे जे बिशपवाचून अडलं होतं, ते त्याने काही महिन्यांत हातावेगळं केलं. भायखळ्याला बार्न्सच्या मंडळीच्या मध्यवर्ती शाळांची कोनशिला त्याने बसवली. पुण्याच्या छावणीतल्या सेंट मेरी चर्चचा अर्पणविधी केला. तिथल्या टॉमस रॉबिन्सन या फारसी जाणणाऱ्या चॅपलिनला त्याने आपल्याबरोबर घेतलं. हा रॉबिन्सन पुढे मद्रासचा आर्चडीकन झाला. हीबरच्या प्रवासवर्णनात एल्फिन्स्टनबद्दलची पानं आहेत, कार्ल्याच्या लेण्यांबद्दलची आहेत. ते पुस्तक त्याच्या बायकोने १८२८ साली प्रसिद्ध केलं, कारण तोवर हीबर उरला नव्हता. ३ एप्रिल १८२६ रोजी त्रिचनापल्लीला आंघोळीच्या हौदात तो मृतावस्थेत सापडला. वय त्रेचाळीसच्या आतच.

बार्न्सने १८२५ साली मुंबई सोडली. इंग्लंडात परतल्यावर तो पुन्हा आर्चडीकनच झाला, डेव्हनमधल्या बार्नस्टेपलचा.

हीबरनंतर जॉन टॉमस जेम्स आला आणि १८२८ सालीच, आल्याला वर्ष व्हायच्या आत, वारला. मग जॉन मथायस टर्नर. तो १८३१ च्या जुलैत गेला. नऊ वर्षांत चार बिशप. या प्रत्येक मोकळ्या काळात कारभार आर्चडीकनांनी रेटला. कलकत्त्याच्या डॅनियल कॉरीवर तर तीनदा ही पाळी आली. त्यातही गंमत अशी की १८२४ पासून ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा आर्चडीकनही कलकत्त्याच्याच बिशपखाली घातलेला होता. सिडनीचा पाळक चुकला तर दाद कलकत्त्याला मागायची! माणूस मेल्यावरही त्याच्या नावाने पत्रं यायची, एवढी ती अंतरं.

इतकी प्रेतं उचलल्यावर लंडनला उमजलं, की एका बिशपचं हे काम नव्हे. १८३३ च्या सनदेने मद्रास आणि मुंबई असे दोन नवे धर्मप्रांत मंजूर केले. मद्रासला १८३५ साली कॉरीच पहिला बिशप झाला, पण दोन वर्षांतच वारला. मुंबईला १८३७ साली टॉमस कार, जो १८३३ पासून इथला आर्चडीकन होता. बिनसत्तेच्या खुर्चीतून माणूस उठला आणि सत्तेच्या खुर्चीत बसला. किल्ल्यातलं सेंट टॉमस चर्च आता कॅथेड्रल झालं. कार १८५१ पर्यंत बिशप होता, आणि त्याचं संगमरवरी स्मारक त्या कॅथेड्रलमध्ये आहे.

बिशप इथे कायम राहायला आला, आणि आर्चडीकनचं वजन साहजिकच उतरलं. पद ज्येष्ठ चॅपलिनकडे जाऊ लागलं. बिशप रजेवर विलायतेला गेला की त्याचा कारभार पाहायचा, छावण्यांतली चर्चं आणि दफनभूम्या तपासायच्या, नोंदवह्या पाहायच्या, असं त्याचं काम. १८५५ साली ट्रॉलपने 'द वॉर्डन' या कादंबरीत आर्चडीकन ग्रँटली रंगवला, श्रीमंत, भांडखोर, हाती घेतलेलं सोडायचं नाही असा. इंग्लिश वाचकाला आजही आर्चडीकन म्हटलं की तोच आठवतो. मुंबईच्या आर्चडीकनची गोष्ट सरकारी खात्यातल्या निरीक्षकाच्या जवळ जाणारी आहे. त्याचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे बहुतांशी बिगरख्रिस्ती रयतेच्या करातून निघत असे. राष्ट्रीय चळवळीने पुढे यावर बोट ठेवलं, आणि त्यांचं चुकीचं नव्हतं.

मराठी बोलणारे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे, ख्रिस्ती या व्यवस्थेच्या बाहेरच वाढले. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर वसवलं, औरंगाबादला रतनजी नौरोजी या मूळच्या पारशी पाळकाने काम केलं, अहमदनगर आणि कोल्हापूर भागात दुसऱ्या एका संस्थेचे मिशनरी होते. त्यांचा पैसा विलायतेतल्या वर्गणीचा, सरकारचा नव्हे. एकाच बिशपखाली चॅपलिनांचं गोरं चर्च आणि मिशनचं मराठी चर्च अशी दोन घरं शंभर वर्षं शेजारी नांदली, आणि आर्चडीकन पहिल्या घरचा होता.

बार्न्सची शाळा १९२५ साली भायखळ्याहून देवळालीला गेली आणि तिला त्याचं नाव मिळालं. त्यानंतरचे बदल झपाट्याने आले. १९२७ चा इंडियन चर्च अ‍ॅक्ट झाला आणि १ मार्च १९३० पासून इथलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळं झालं. स्वातंत्र्यानंतर सरकारी चॅपलिनांचं खातं बंद झालं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि मुंबईचा अँग्लिकन धर्मप्रांत त्यात विलीन झाला. त्याच दिवशी अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचा वारसा सांगणाऱ्या मंडळ्याही त्यात आल्या. त्यांच्या परंपरेत बिशप नव्हता, आर्चडीकन तर नाहीच. नव्या घटनेत सेवेचे दर्जे तीन ठरले, बिशप, प्रेसबिटर आणि डीकन, आणि बिशप नको म्हणणाऱ्यांनी बिशप मान्य केला.